आंजीची सही

माणसाला येड लागायला एक दुपार पुरते. मला ते शेजारणीच्या बैठकीत सतरंजीवर बसल्या बसल्या लागलं. समोर पांढरा फळा होता आणि त्यावर एक ताई भराभर गोल काढत होती. केस कापलेले, मनगटात पुरुषी घड्याळ, आणि बोलण्याचा वेग असा की मध्ये 'हो' म्हणायलाही फट सापडू नये. वरचा गोल म्हणजे तुम्ही. त्याच्याखालचे दोन गोल म्हणजे तुमचे दोन हात, तुम्ही स्कीममध्ये जोडलेल्या दोघी. त्या दोघींचे पुन्हा दोन दोन. साबण, टूथपेस्ट, भांड्यांचं लिक्विड हे सगळं त्यात कुठेतरी होतं, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आम्ही सगळ्या बाया गोल मोजत होतो. चाराचे आठ झाले, आठाचे सोळा झाले, फळा संपला तरी गोल काही संपेनात. घरी आले तेव्हा मी सगळ्यात वरच्या गोलात जाऊन बसले होते आणि खाली उतरायची माझी तयारी नव्हती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि वर्धेत जो तो ज्याला त्याला प्लॅन दाखवत सुटला होता. ताईने आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं, विकायचं नाही, जोडायचं. जोडायला दोन माणसं पाहिजेत. माझा एक हात तर दुसऱ्याच दिवशी लागला. वडनेरला माझी लहान बहीण दिली आहे, ती तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिने फॉर्म वाचला नाही की गोल पाहिले नाहीत. "तुले पाह्यजे ना, मंग घे," म्हणाली आणि सही करून पुन्हा भाकरी थापायला बसली. आता उरला दुसरा हात.

खरं सांगते, मला त्या दुसऱ्या हाताचं काही पडलेलं नव्हतं. मला पडलेलं होतं ते घराबाहेर पडण्याचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आमचं कटलरीचं दुकान, म्हणजे बांगड्या, रिबिनी, पिना, हुकं, दोरे. दुकानाच्या मागेच घर. नवरा, सासूबाई आणि मी. मी जायचे कुठे, तर बाजारात, देवळात, आणि वर्षातून दोनदा माहेरी, तेही नवरा एस.टी.त बसवून देणार आणि कंडक्टरला सांगणार, बाईमाणूस आहे, लक्ष ठेवजो. 'कुठे चालली?' या प्रश्नाला अकरा वर्षांत माझ्याकडे एकदाही बरं उत्तर नव्हतं. आता उत्तर मिळालं. फॉलो-अपला. नवऱ्याला फॉलो-अप म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला त्यावर हरकतही घेता येईना. गुरुवारी तो माल आणायला नागपूरला जायचा आणि दुकानातली लुना दिवसभर उभी राहायची. एका उन्हाळ्यात माझ्या भाच्यांनी मला ती मैदानावर शिकवून ठेवली होती. झालं, बाईसाहेब साबणांची पिशवी हँडलला अडकवून निघाल्या.

पहिल्या गुरुवारी बजाज चौकातून... नाही, तेव्हा भीतीने मी चौक टाळला होता, मागच्या गल्लीतून गेले. पण गावाबाहेर रस्ता मोकळा लागला आणि मी मोठ्यांदा गायला लागले. एका बैलगाडीवाल्याने वळून पाहिलं. मी त्याला हात केला. कोण कुठला तो, पण मी हात केला.

नवरा वाईट नव्हता, फक्त त्याला लोकांची फार भीती. दोन-तीन गिऱ्हाइकांनी त्याला सांगितलं की तुमच्या घरच्या बाई लुना उडवत जाताना दिसल्या. त्याने एक दिवस जेवता जेवता निकाल दिला. "होळीपर्यंत पाहू. दुसरा हात भेटला तर भेटला. नाई तर पिशवी माळ्यावर आन तू दुकानात." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर म्हणते थो." आणि त्यावर मीठ म्हणून नवऱ्याची दुसरी अट, एकटं जायचं नाही, सासूबाईंना बरोबर न्यायचं. माझा चेहरा पडला. सासूबाईंचाही पडला होता, असं मला तेव्हा वाटलं.

तर आता फॉलो-अप काय चीज आहे ते सांगते. प्लॅन दाखवून कोणी लगेच सही करत नाही. 'पाहू' म्हणतात. त्या 'पाहू'च्या मागे लागणं म्हणजे फॉलो-अप. दोन दिवसांच्या आत पुन्हा जायचं, असा ताईचा नियम. भीड ही भिकेची बहीण, असं ती दर मीटिंगमध्ये सांगायची. तिने आम्हाला एक डायरी दिली होती आणि त्यात प्रत्येक नावापुढे लिहायचं होतं, गरम, कोमट किंवा थंड. समोरच्याने स्वतःहून 'पुन्हा या' म्हटलं तर तो गरम. ताई होती इंदूरकडची. तिला काय माहीत आमच्या इकडची रीत. आमच्याकडे दारातून जाणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, अशुभ असतं ते, म्हणून सगळ्यांनाच 'येजो' म्हणतात. भंगारवाल्याला म्हणतात, वसुलीवाल्याला म्हणतात, भांडून निघालेल्या नणंदेलाही म्हणतात. मी इथलीच, मला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण येड लागलेल्या माणसाला कळून काय उपयोग. महिनाभरात माझ्या डायरीत एकेचाळीस गरम झाले. ताईने मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं. टाळ्या झाल्या.

त्या एकेचाळीस जणींकडे आम्ही सासू-सुना फिरलो. हायस्कूलच्या एक बाई होत्या, त्यांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि मागच्या बाजूचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग मला तीन प्रश्न विचारले. तिसरा प्रश्न होता, हे सगळे एकमेकांना जोडतच गेले तर साबण लावतो कोण? मी म्हटलं, विचारून सांगते. आजपर्यंत सांगितलेलं नाही. एक बाई आमच्या पुढच्या गल्लीतली. लुनाचा आवाज आला की ती समोरच्या दाराला बाहेरून कुलूप घालायची आणि मागून घरात शिरायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर मस्त संत्रं सोलत बसली होती. आमची नजरानजर झाली. तिने एक फोड तोंडात टाकली आणि हळूच खिडकीचा पडदा सरकवला. दुसऱ्या दिवशी दुकानात भेटली तर म्हणते, मी गावाला गेलती. मी म्हटलं, काय म्हणते गाव? मजेत आहे म्हणे.

आणि नाचणगाव तर मी जन्मात विसरणार नाही. तिथे नवऱ्याची आत्या राहते. तिला लिक्विडचा प्रयोग दाखवायचा होता. एका थेंबात भांडं लख्ख, असं मी म्हटलं मात्र, आत्याबाईंनी न्हाणीतून आंघोळीचं पाणी तापवायचा मोठा गंज आणला. चुलीवर वीस वर्षं काळा झालेला. मी पदर खोचला आणि बसले घासायला. तासाभराने गंजात तोंड दिसायला लागलं. आत्याबाई खूश. त्यांनी दुसरा गंज आणला. मग कढई, मग पाण्याचा गुंड, मग शेजारणीची परात. मी घासतेय, घासतेय, आणि सासूबाई ओसरीत बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खातायत आणि टरफलं एका ओळीत लावतायत. ऊन उतरलं तेव्हा सगळ्या घराची भांडी अंगणात चमकत होती. मी कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, मग काय ठरवलं आत्याबाई? आत्याबाई सासूबाईंना म्हणाल्या, तुही सून लय गुणाची हाय, अशी सून असल्यावर लिक्विड कायले पाह्यजे. परतीच्या रस्त्यावर मी संतापाने धुमसत होते आणि माझ्या पाठीमागे सासूबाई हसत होत्या. गाडी हलत होती त्यांच्या हसण्याने. अकरा वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. मग मलाही आवरेना. देवळीचा फाटा आला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पोट धरून हसलो.

अशा चाळीस जणी गळाल्या. उरल्या आंजीच्या वहिनी.

या वहिनी मोठ्या आंजीत ब्लाउज शिवायच्या. हुकं, दोरा, अस्तर आमच्या दुकानातून न्यायच्या, तिथली ओळख. वय पन्नाशीचं. नवरा ग्रामपंचायतीत कामाला, दिवसभर बाहेर. मूलबाळ नाही. खिडकीखाली शिलाई मशीन, अंगणात जांबाचं झाड, घर कसं हाताने पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. त्यांनी पहिल्या दिवशी माझा प्लॅन असा ऐकला की तसा आजवर कोणी ऐकला नसेल. हनुवटीवर बोट ठेवून, प्रत्येक गोलाला मान हलवून. शेवटी म्हणाल्या, चांगलं हाय, फक्त यायले विचारतो. यायले म्हणजे नवऱ्याला. मी डायरीत गरम लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या खेपेला नवरा हो म्हणाला होता, पण आता मोठ्या भावाला विचारायचं होतं. भाऊ हिंगणघाटला. भावाचा होकार यायला तीन आठवडे गेले. तोवर पितृपक्ष लागला. पितरांच्या पंधरवड्यात नवं काम कोण सुरू करतं, बरोबरच आहे. मग दसरा, तर दसऱ्याला त्यांच्याकडे ब्लाउजांचा ढीग. दिवाळी, पुन्हा ढीग. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होऊ द्या म्हणाल्या, ते झालं. मार्गशीर्षातले गुरुवार आले, वहिनींचा उपास, उपासाच्या दिवशी कागदावर सही करत नाहीत म्हणे. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, पण सासूबाईंनी गंभीरपणे मान हलवली, तेव्हा असेल बुवा म्हटलं. पौष लागला. पौषात तर काहीच नाही. संक्रांत झाली, दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे किंक्रांत, तो दिवसच वाईट. आणि हे सगळं सांगताना वहिनींच्या चेहऱ्यावर इतकी कळकळ असायची की मला त्यांचा राग यायचाच नाही. नाही म्हणत नाहीत ना, एवढंच मी धरून बसले होते.

आणि दर गुरुवारी आंजीला जाणं काही वाईट नव्हतं. दुपारी बाराला निघायचं. सासूबाई सुरुवातीला लुनावर एका अंगाला बसायच्या, डोक्यावरून पदर, एक हात माझ्या खांद्यावर गच्च, डोळे मिटलेले. हळू, हळू, एवढाच जप. दिवाळीपर्यंत डोळे उघडले. पौषात मला म्हणाल्या, "थ्या टेम्पोच्या पुढं काढ ना, काऊन मागं मागं राह्यली." गुरुवारी त्यांचा स्वयंपाक नऊलाच व्हायला लागला. ट्रंकेतली जरीकाठाची लुगडी एकेक करून बाहेर यायला लागली. मी कधी म्हटलं, आज ऊन आहे, नको जायला, तर त्या म्हणायच्या, कामाले कंटाळा केला तर कसं होईन. मी मनात म्हणायचे, बघा, काय सासू आहे, सुनेच्या बिझनेससाठी जिवाचं रान करते.

वहिनींकडे पोचलं की आधी पाणी, मग चहा आणि बशीत गोरसपाक, आमच्या वर्धेची तुपातली बिस्किटं. मग मी कागद काढायचे आणि गोल सुरू करायचे. एव्हाना सासूबाईंना सगळा प्लॅन तोंडपाठ झाला होता. मी चुकले तर त्या बसल्या जागेवरून सांगायच्या, आठ झाले, आता सोळा सांग. गोल संपले की त्या दोघींचं बोलणं सुरू व्हायचं. कोणाच्या घरी काय, कापसाचं काय, पूर्वी कसं होतं, लुगड्याला कोणता रंग बरा, माहेरच्या विहिरीला पाणी कसं होतं. सासूबाई एवढं बोलतात हे मला घरात कधी कळलंच नव्हतं. घरात त्यांचं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे आणि दार लोटून घे. इथे त्या मशीनच्या बाजूला मांडी घालून तास तास बोलायच्या आणि वहिनी हाताने हुकं लावत ऐकायच्या. मध्येच मला कोपऱ्यावरच्या दुकानातून चहापत्ती आणायला पिटाळायच्या. दर गुरुवारी वहिनींकडची चहापत्ती कशी काय संपते, हा प्रश्न मला सात महिन्यांत पडला नाही. त्यावरून माझी बुद्धी काय ती समजून घ्या.

होळी जवळ आली तशी मी सैरभैर झाले. दुकानात नवऱ्याने माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं होतं. नवंकोरं, लाल रेक्झीनचं. त्याने ते प्रेमानेच आणलं होतं, पण ते दिसलं की मी तोंड फिरवायचे. काउंटरमागे बसून आयुष्यभर पिनांची पाकिटं मोजायची. रस्ता काचेतून पाहायचा. मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होते, वहिनींच्या घरचं आता विचारायचं कोण उरलं? नवरा झाला, भाऊ झाला, पितर झाले, पौष झाला. कोणी उरलं नव्हतं.

होळीच्या आधीचा शेवटचा गुरुवार. मी नवा पेन घेतला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता आणि सासूबाई मागे बसून काहीतरी गुणगुणत होत्या. मला त्यांचा रागच आला. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना गाणी सुचतायत.

मी त्या दिवशी गोल काढलेच नाहीत. सरळ फॉर्म मशीनवर ठेवला आणि पेनचं टोपण काढून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी पेन घेतला. फॉर्मवर वाकल्या. आणि मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहिलं. पेन खाली ठेवला. "होळी होऊन जाऊ द्या," म्हणाल्या.

मी रडायला लागले. चांगलं भोकाड पसरलं, पस्तिशीची बाई मी. रडता रडता बोलत सुटले. म्हटलं, होळीनंतर मी येणार नाही वहिनी. होळीपर्यंतच मुदत होती. दुसरा हात मिळाला नाही तर पिशवी माळ्यावर, लुना बंद, मी दुकानात. तुमच्या सहीवर माझं सगळं अडकलं होतं आणि तुम्ही सात महिने मला पंचांग वाचून दाखवलं. नाही म्हणायचं होतं तर पहिल्या दिवशी म्हणायचं. मी दुसरी कोणी पाहिली असती.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, सासूबाईंकडे वळल्या. "अवो बाई, हे तं तुम्ही मले सांगितलंच नाई."

सासूबाई लुगड्याचा काठ चाचपत बसल्या.

"मी पहिल्याच दिवशी सही करत होतो," वहिनी मला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्ही चहापत्ती आणाले गेलत्या. या तुमच्या सासूबाईनंच म्हटलं, इतक्यात नको करू."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. मी पदराने नाक पुसलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पितृपक्ष यांचा, उपासाला सही नको हे यांचं, कर यांची. ही बाई सात महिने माझ्याच लुनावर बसून माझाच पाय ओढत होती. मी फक्त एवढंच विचारलं, काऊन?

सासूबाईंनी लुगड्याचा काठ सोडला. मग नेहमीच्याच आवाजात बोलल्या, मीठ कमी आहे म्हणतात ना, तशा.

"सही झाल्यावर तू मले इकडं कायले आणशीन? तुहे दोन हात पुरे झाले असते. मंग माही गरज काय? चाळीस वर्सं झाली मले वर्धेत येऊन. लोकायच्या घरी मी दोनच कामाले गेली. लग्नाले आन मयतीले. कोणाच्या घरी नुसती बसाले म्हणून मी कधी गेलीच नाई."

"आन होळी?" मी म्हटलं. "होळीला बंद झालंच असतं की."

"थो माहा पोरगा हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याले मी पाहून घेतलं असतं."

वहिनींनी उगाच मशीनचं चाक एकदा फिरवलं. मग म्हणाल्या, माझ्याकडे दिवसभर बाया येतात, माप देतात, जातात. बसत कोणी नाही. असं म्हणून त्यांनी घाईघाईने पेन उचलला आणि फॉर्म पुढे ओढला. "द्या, करतो मी सही. माह्यापायी तुमचं नुकसान नको."

मी त्या दोघींकडे पाहत होते. एक पासष्टीची, एक पन्नाशीची. एकीने जरीकाठाचं लुगडं नेसलेलं, पाय दुमडून बसलेली, पकडल्या गेलेल्या पोरीसारखी खाली पाहणारी. दुसरी हातात पेन घेऊन घाबरलेली. आणि तिसरी मी, नाक लाल. राग होता, खोटं कशाला सांगू, चांगला राग होता. मला वाटलं आता पुन्हा रडू येणार. आलं ते हसू. पितृपक्ष आठवला आणि सुटले. उपास आठवला आणि जास्त सुटले. मला हसताना पाहून वहिनी हसायला लागल्या, आणि सासूबाई आधी रागावून 'काय झालं हसाले' म्हणाल्या आणि मग त्यांच्याही खांद्यांनी उडायला सुरुवात केली. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली. आम्हाला थांबताच येईना. एक थांबली की दुसरीकडे पाहायचं आणि पुन्हा सुरू.

वहिनींनी डोळे पुसले आणि फॉर्मवर पेन टेकवला. आडनावाचं पहिलं अक्षर काढलंही. मी फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"एवढी घाई करू नका वहिनी," मी म्हटलं. "मोठा निर्णय आहे. नीट विचार करा. आम्ही पुढच्या गुरुवारी येतो."

घरी आलो तेव्हा नवरा नागपूरचा माल उतरवून घेत होता. त्याने खोक्यावरची सुतळी तोडता तोडता मला विचारलं, काय, झाली का सही? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई लुनावरून उतरल्या, पदर सारखा केला आणि मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अशी कशी होईन लवकर?" त्या म्हणाल्या. "बाई लय चांगली हाय, पण तिचा विचार पक्का होऊन नाई राह्यला. अजून वरीसभर तरी जा लागते. आन थ्या स्टुलावर तू बसत जाजो, उभ्यानं पाय दुखते तुहे."